चार कॉइलची वरातीची गाडी

माझ्या भावानं सगळ्या जगाच्या वराती काढल्या, आन तेचं सवताचं लगीन मात्र एका टोपीपायी अडून बसलं व्हतं. टोपी म्हंजी डोक्यावरची नव्हं, इंजिनातली. थांबा, नीट सांगते. आन मदेच कुणी टोकलेलं मला चालत न्हाई, आदीच सांगून ठेवते.

मी नीलाबाई, सिरसाळ्याची. माझा धाकटा भाऊ संगमेश. घरात आमी तेला संग्या म्हणतो. गावात रस्त्याच्या अंगाला तेचं मोटारी दुरुस्तीचं गॅरेज. आई-बाप गेल्यापासनं तेची आई मीच, बाप बी मीच, आन शिव्या घालायला बी मीच. तेनं कुठल्या तरी भंगारातनं एक जुनी मोटार आणली, छत कापून टाकलं, मागं लाल मखमलीचं सिंहासन बसवलं आन पुढं पत्र्याचा मोर लावला. इंजिन दुसऱ्याच गाडीचं, चाकं तिसऱ्याच. मी म्हणलं, "हे काय सोंग आणलंस बे?" तर म्हणतो कसा, "अक्का, वरातीची गाडी हाय ही."

आन खरंच तिला गिऱ्हाईक लागलं. ते दिवसच तसे व्हते. गावोगाव नव्या कोऱ्या मोटरसायकली आलत्या, घराघरावर केबलच्या वायरी लोंबायला लागलत्या, आन नवरदेवांना घोड्यावर बसायची लाज वाटायला लागलती. परळीपासनं माजलगावापर्यंत ज्याला बगा तेला मोराची मोटार पायजे.

पण त्या मोटारीला एक खोड व्हती. रस्त्यानं पळवा, वाऱ्यासारखी पळायची. वरातीत घाला, की रुसायची. वरातीत काय व्हतं, गाडी चालते बैलाच्या चालीनं, इंजिन तापतं, वरनं गुलाल उधळतेत, पाणी उडवतेत. इंजिनात एक डिस्ट्रिब्युटर असतो, मिस्त्री लोक तेला डेल्को म्हणतेत. एकच कॉइल ठिणगी करती आन ती ठिणगी हा डेल्को आपल्या टोपीतनं इंजिनाच्या चार घरांना, म्हंजी सिलिंडरांना, वाटतो. पंगतीला चार रांगा बसल्यात आन वाढपी एकच, तसं समजा. तो वाढपी घसरून पडला की चारी रांगा उपाशी. टोपीत गुलाल आन पाणी गेलं की तसंच व्हायचं.

आन ते झालं कुठं, तर चौसाळ्यात. चौसाळा म्हंजी आमच्यापासनं लांब, धारूरचा घाट चढून केज, नेकनूर, मांजरसुंबा करत जावं लागतं. तिथं भर बाजारात केदारनाथअप्पांचं किराणा दुकान. दुकान मोठं, मिशा मोठ्या, आवाज तेच्यापेक्षा मोठा. तेंच्या पुतण्याची वरात व्हती. उन्हाळ्याचं दिवस म्हणून कुणी तरी माडीवरनं घागर ओतली, ती नेमकी मोरावर. गाडी बंद पडली ती बरोबर अप्पांच्या दारात. संग्यानं लई खटपट केली, पण छे! शेवटी नवरदेवाच्या मामांनी घाम गाळत गाडी ढकलली. नवरदेव वर सिंहासनावर तोंड लपवून बसलाय, आन सगळा बाजार पोट धरून हसतोय.

अप्पा पायरीवरनं वरडले, "ओ मिस्त्री, ही मोटार हाय का म्हैस?"

आन त्याच पायरीवरनं एक पोरगी खाली उतरली. अप्पांची धाकटी, ईश्वरी. तिनं संग्याच्या हातात एक कोरडं फडकं दिलं आन म्हणली, "टोपीत पाणी गेलंय. पुसून घ्या, न्हाई तर दिवसभर ढकलीत बसताल." तिला कळायचं त्यातलं. अप्पांचा मालाचा टेम्पो गोडाऊनला लावायचा, मागं घ्यायचा, हे तीच करायची. डायवर कायम गायब असायचा आन अप्पांना सवताला गाडीच्या चाकाची भीती वाटायची.

झालं. तिथनं पुढं आमचा संग्या बिघडला. सिरसाळ्यात साबण मिळत न्हाई का? तेलगावात, धारुरात, केजात मिळत न्हाई का? पण हा साबण आणायला चौसाळ्याला जायचा! घरात साबणाची थप्पी लागली. मी एक दिवस धरला तेचा कान. "खरं सांग बे, कोण हाय?" तर लाजून मान खाली घातली. एवढा मोठा घोडा, मिशीत ग्रीस लागलेलं, आन लाजतोय! मला हसू बी आलं आन भरून बी आलं.

मग मी आन आमचे सोमलिंगकाका गेलो मागणी घालायला. काका म्हंजी आमच्या बापाचे धाकटे भाऊ. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आन महादेवाच्या देवळाची सगळी सेवा तेंच्याकडं. मानूस देवमानूस. फकस्त एकच, सगळं रीतीनंच झालं पायजे. डावा पाय आदी पडला तर परत मागं जाऊन उजवा टाकतेल, असा मानूस.

अप्पांनी दुकानातच, गिऱ्हाइकांदेखत, आमचं सगळं ऐकून घेतलं. चहा पाजला. मग मिशीवरनं हात फिरवून म्हणले, "घराणं चांगलं हाय. पोरगा बी निर्व्यसनी हाय म्हणतेत. पण नीलाबाई, तेची मोटार माझ्या दारात बंद पडली. उद्या तो जावई म्हणून उतरला की सगळा बाजार म्हणंल, आला बगा ढकलगाडीवाला. मला ह्या बाजारात रोज बसायचंय. आन शिरूर कासारचं एक मास्तरचं स्थळ हायच हातात."

मला असा राग आलता की काय सांगू! पण पोराचं भलं बघायचं म्हणून गिळला. म्हणलं, "मग काय करावं म्हणता?"

"बाजाराच्या दिवशी या. त्याच मोटारीत, बँड लावून. येशीपासनं माझ्या दारावरनं पारापर्यंत, वरातीच्या चालीनं. पाराजवळ मी सुपारी घेऊन उभा राहतो. सुपारी फुटेपर्यंत मोटार थांबली न्हाई पायजे, कुणी ढकलली न्हाई पायजे. थांबली, की बोलणं संपलं. मग मास्तर."

आमच्यात लगीन ठरलं की सुपारी फोडतेत. फुटली की पक्कं, मग देवाला बी मोडता येत न्हाई. आत दाराच्या आड बांगड्या वाजल्या, त्यावरनं मला कळलं की पोरगी सगळं ऐकतेय.

घरी येऊन मी संग्याला म्हणलं, "ती मोटार दे भंगारात. दुसरी भाड्यानं आण, चांगली." तर म्हणतो, "न्हाई अक्का. हीच पायजे म्हणलेत ते. आन मला बी हीच पायजे." आन मग दिवसभर गॅरेजात बसून त्या उघड्या इंजिनाकडं बघत राहिला. जेवायला हाक मारली तरी ओ देईना.

एक दिवस पळतच घरात आला. हात काळे, डोळे चमकायलेत. "अक्का, मोटरसायकलीला किती घरं असतेत इंजिनात?"

"मला काय माहीत बे! मी भाकरी थापू का इंजिनाची घरं मोजू?"

"एक! एक घर, एक कॉइल, आन तिला ठिणगीचा हुकूम सोडणारी एक काळी डबी. आन ती पावसात, चिखलात, कुठं बी बंद पडत न्हाई. आपल्या इंजिनाला घरं चार. मग चार मोटरसायकली समजायच्या! चारी घरांना आपापली कॉइल. वाटायची भानगडच नको!"

म्हंजी एक वाढपी काढून टाकायचा आन दर रांगेला आपला वाढपी द्यायचा. मला एकदम पटलं. पण मी काई कौतुक केलं न्हाई, लगेच डोक्यावर बसतो तो. म्हणलं, "हात धू आन जेव आदी."

नव्या मोटरसायकलींचे अपघात बी नवेच व्हते. मोडलेल्या गाड्या भंगारात आलत्या, तेंच्या कॉइली आन डब्या तेनं जमा केल्या. जुनी टोपी काढली, तिच्या जागी एक गोल तबकडी बसवली. तबकडीवर चार बाजूंना चार खाचा. दर खाचेतनं एक वायर निघून आपल्या आपल्या डबीला जायची आन तिथनं कॉइलला. मदला दांडा फिरता फिरता ज्या खाचेसमोर येईल तेवढ्या घराला सांगणार, हां, टाक ठिणगी! आता गंमत अशी की इंजिनाच्या घरात ठिणगी वळीनं पडत न्हाई. आदी पैल्या घरात, मग तिसऱ्या, मग चौथ्या, मग दुसऱ्या. आन त्या इंजिनाचा दांडा फिरायचा डावीकडनं. म्हणून वायरी बी तबकडीला डावीकडनं लावायच्या. एक, तीन, चार, दोन. संग्या ते दिवसभर जपासारखं म्हणायचा. काका शेजारी बसलेले असायचे, तेंना बी पाठ झालं. पण काका दर वेळेला तोंड वाकडं करायचे. "संगमेश, शुभ कामाची गाडी, आन डावीकडनं?"

"इंजिनाला शुभ-अशुभ नसतं काका."

"असं म्हणू न्हाई बाबा."

पैल्यांदा चालू केली तवा मी मुद्दाम गॅरेजात गेलते. तेनं चावी फिरवली. आन अहाहा! आदी ती मोटार खोकत, कण्हत उठायची. आता एका हाकेला उठली. तेनं वरनं बादलीभर पाणी ओतलं. तिला काईच न्हाई. गुलाल टाकला. काईच न्हाई. बैलाच्या चालीनं गॅरेजासमोर फिरवत बसला, फिरवत बसला, तिचं आपलं एकसुरी चाललंय, घुं घुं घुं. मी तवा मात्र तेच्या पाठीवरनं हात फिरवला. "जिकलास रे पोरा," म्हणलं.

बाजाराच्या दिवशी आमी तिघं निघालो. चाकावर संग्या, शेजारी मी, मागं सिंहासनावर सोमलिंगकाका, मांडीवर साडी-चोळीचं ताट. धारूरच्या घाटात काकांनी एका हातानं ताट धरलं, दुसऱ्या हातानं गळ्यातलं लिंग, आन डोळे मिटून घेतले. पण गाडीनं एक हुंदका दिला न्हाई. केजला लोक हात दाखवायचे, "वरात कुठंय हो?" मी मान ताठ करून म्हणायचे, "आमचीच हाय!" लई मजा आली मला. उगं खोटं कशाला बोलू.

चौसाळ्याच्या येशीबाहेर थांबलो. सटवा बँडवाला आपली मानसं घेऊन तिथंच उभा व्हता. मी हापशावर तोंड धुवायला गेले, संग्या झाडामागं शर्ट बदलायला. काका म्हणले, "मी तवर गाडीची पूजा करून घेतो." म्हणलं करा. पूजा न करता काका कुठं जाऊ देतेत!

निघालो. सटवानं सनई लावली, ढोल घुमला. संग्यानं गाडी चालू केली.

फाट्!

मी जागची उडाले. मला वाटलं कुणी सुतळी बॉम्ब लावला. परत फाट्! गाडी आचके द्यायला लागली. पुढनं शिंकतेय, मागनं फटाके फोडतेय. संग्याचं तोंड पांढरं पडलं. पण गाडी येशीतनं आत शिरलती, आता थांबवायची सोय न्हाई.

"काय झालं रे?"

"दोनच घरं चालायलेत, अक्का! मिसिंग मारतेय! कसं काय, आत्ता तर..."

बाजारातले लोक मात्र खूष. तेंना वाटलं आमी फटाके लावूनच आणलेत. दर फाट्ला लोक हुर्रे म्हणायला लागले. सटवा तर इतका रंगात आला की गाडीच्या फटाक्यावर ढोलाचा ठेका धरला. लोक नाचायलेत, गुलाल उडतोय, आन हिकडं संग्याचा सगळा जीव एक्सिलेटरवरच्या पायात. पाय जरा हलका केला की इंजिन मरायला लागायचं, जरा दाबला की गाडी पुढच्या नाचणाऱ्यांच्या अंगावर जायची.

मी मागं वळले. काका डोळे मिटून बसलेले. पण ओठ हलायलेत, आन चेहरा असा की मांजरानं दूध पिलंय. मी वळखते तो चेहरा.

"काका! तुमी काय केलंत?"

"काई न्हाई गं. त्या चार वायरी काढल्या, भस्म लावलं, परत लावल्या. मंत्र तोच म्हणलो, एक, तीन, चार, दोन. नुसतं उजवीकडनं फिरलो. शुभ कार्य हाय, प्रदक्षिणा कदी डावीकडनं घालतेत का?"

संग्या चाकावरनंच किंचाळला, "महादेवाला तर अर्धी घालून उलटंच फिरतेत ना, काका! तुमीच फिरता की रोज!"

काकांनी खाडकन डोळे उघडले. "हे मातर खरं हाय," म्हणले.

मी कपाळावर हात मारून घेतला. रडावं का हसावं कळंना. अप्पांचं दुकान आलंच व्हतं. अप्पा पायरीवर उभे, कमरेवर हात, मिशीत हसू. गाडी तेंच्या दारात यायला आन इंजिन मरायला टेकायला एकच गाठ. संग्या म्हणला, "दोन आन तीनची अदलाबदल झालीय, अक्का. दोनच वायरी. आत्ताच्या आत्ता बदलाया येतेत, इंजिन चालू असताना बी. जुनी टोपी असती तर झटक्यानं उडून पडलो असतो, ह्या वायरीत तेवढा करंट न्हाई. पण बॉनेट उघडून पुढं बसावं लागंल. तू धर चाक."

"मी? मला काय येतंय रे मुडद्या! मी सायकल बी चालवली न्हाई!"

"मग संपलं," म्हणला. आन तेच्या डोळ्यांत पाणी आलं. भर वरातीत, सगळ्या बाजारासमोर. मास्तर दिसायला लागला मला, छत्री घेऊन आलेला.

तेवढ्यात दुकानाच्या पायरीवरनं ईश्वरी उतरली. सरळ गर्दीत घुसली. गाडीबरोबर चालत तिनं आत नजर टाकली, संग्याकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं. "काय झालंय?"

"दोन वायरी उलट्या लागल्यात," संग्या म्हणला. "बदलायच्यात. पण चाक..."

"सरका," ती म्हणली.

एवढंच. साडीचा पदर कमरंला खोचला, दार उघडलं आन चालत्या गाडीत पाय टाकला. संग्या सरकत सरकत माझ्यावर आला, माझ्यावरनं पलीकडं उतरला, पळत पुढं जाऊन मडगार्डवर बसला आन बॉनेट उघडलं. तिनं तवर पाय दाबून इंजिन जगवून ठेवलतं. मागनं अप्पांचा आवाज आला, "ए पोरी! कुठं चाललीस! उतर खाली!" पण त्या बँडात कोण ऐकतंय?

बॉनेट उघडल्यावर तिला पुढचं काई दिसंना. समोर नुसता पत्रा. मग मी उठले, सीटवर उभी राहिले, काचेचा दांडा धरला आन वरडायला लागले. "डाव्या अंगाला घे! अगं लई झालं! उजव्या! कांद्याच्या ढिगावर न्हाई गं बाई! म्हातारीला जाऊ दे! आता सरळ! सरळ!" सगळा बाजार माझं ऐकून वाट देत व्हता. आयुष्यात माझं एवढं कुणीच ऐकलं न्हाई, खोटं न्हाई सांगत.

संग्यानं दोन्ही वायरी एकदम उपसल्या. फटाके थांबले. इंजिन मरगळलं, आता मरतंय की मग मरतंय. सटवाचा ढोल बी थबकला. ईश्वरीनं पाय जरा जास्त दाबला, ओठ दातात धरलेले. मागनं काकांचा आवाज, "ॐ नमः शिवाय, ॐ नमः शिवाय, डावीकडनं लाव रे बाबा, डावीकडनं." संग्यानं एक वायर बसवली. इंजिन जरा सावरलं. दुसरी बसवली.

घुं घुं घुं घुं.

तोच आवाज, गॅरेजातला. चारी घरं बोलायला लागली. मी सीटवर उभी राहूनच टाळ्या वाजवल्या, आन काचेचा दांडा सुटल्यामुळं धपकन खाली बसले. संग्यानं बॉनेट लावलं. तोंडावर ग्रीस, केसात गुलाल, आन असा हसला की बास. ईश्वरीला आता समोरचं दिसत व्हतं, म्हंजी तोच दिसत व्हता. ती बी हसली. मी दुसरीकडं बगितलं. मला बी कळतं कुठं बघू न्हाई ते.

पार आला. अप्पा आमच्या आदीच तरातरा चालत येऊन पोचलते. हातात सुपारी, बटव्यातनं काढलेली, आन कपाळावर घाम. तोंडावर राग हाय का हसू हाय ते काई कळंना. "थांबव," म्हणले पोरीला. "थांबव गाडी, ईश्वरी. बघू."

ईश्वरीनं थांबवली न्हाई. पारापासनं वळवली.

"अगं थांबव की!"

"कशी थांबवू अप्पा? सुपारी फुटेपर्यंत थांबली तर बोलणं संपलं म्हणलतात तुमी."

"ते मी... अगं पण आता..."

"शब्द तुमचा हाय. बाजारानं बी ऐकलाय. थांबवू का?"

आन ती गाडी पाराला गोल फिरवायला लागली. मागनं काका वरडले, "उजवीकडनं घे, उजवीकडनं!" तिनं उजवीकडनं घेतली. अप्पा धोतराचा सोगा धरून गाडीच्या बाजूनं चालायलेत. बाजारातले लोक पारावर चढले. एक फेरी झाली. अप्पा थांबले की गाडी पुढं जायची, मग परत पळत गाठायची. "ईश्वरी, मी म्हातारा मानूस हाय!" "मग लवकर फोडा!" सगळा बाजार हसला, पण ह्या खेपंला तेंच्यावर न्हाई, तेंच्यासंगं. अप्पा बी हसायला लागले, हसता हसता दम लागला तेंना.

कुणी तरी भाजीवाल्यानं वजनाचं माप पुढं केलं. अप्पांनी ते घेतलं, सुपारी मडगार्डवर ठेवली आन चालता चालता मारलं. सुपारी उडाली, संग्यानं झेलली. परत ठेवली, परत मारलं, सुपारी घसरून मोराच्या पिसात अडकली. ती काढली. आता अप्पा घामाघूम, मिशा गुलालानं लाल. तेंनी डाव्या हातानं सुपारी दाबून धरली, संग्यानं तेंचा दंड धरला, पडू न्हाई म्हणून, आन ते तसेच गाडीसंगं चार पावलं चालले. मग माप खाली आलं.

कटकन फुटली. बाजारानं असा कल्ला केला की पारावरची पाखरं उडाली. अप्पांनी एक तुकडा संग्याच्या हातात दिला, एक मला. माझ्या हातात तो तुकडा आला आन मला आईची लई आठवण झाली. मी तिथंच मोठ्यानं रडले. आनंदानं. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

ईश्वरीनं ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण इंजिन चालूच ठेवलं. ती खाली उतरली, खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला, आन एकदम लाजली. आत्तापर्यंत कुठं व्हती ती लाज, देव जाणे. अप्पा तिच्याकडं बघत राहिले, मग संग्याकडं, मग त्या मोटारीकडं. मोरावरनं हात फिरवला. मला वाटलं आता काई तरी खडूस बोलतेल. मी बी जिभेवर उत्तर तयार ठेवलतं.

"सोमलिंगराव," अप्पा म्हणले, "जरा सरकता का?"

काका सरकले. अप्पा पाय वर टाकून सिंहासनावर चढले, काकांच्या शेजारी मांडी घालून बसले, गुलालानं माखलेल्या मिशीला पीळ दिला. "जावईबापू, आता घरी घ्या. आपल्या बाजारातनं. सटवा, वाजव रे!"

जावईबापू! संग्याला तर चाकावर कसं बसावं तेच सुचंना. मी शेजारी बसले. ईश्वरी मागनं बायकांसंगं चालत निघाली, तिला रीतीनं तसंच यावं लागणार व्हतं. सगळ्या बाजारातनं गाडी परत निघाली, त्याच कांद्यावाल्यापुढनं, त्याच लोकांतनं. अप्पा दोन्ही हात जोडून सगळ्यांचे रामराम घ्यायलेत, जसं काय तेंचंच लगीन हाय. दुकान आलं. तीच पायरी, तेच दार, जिथं आदल्या साली सगळे पोट धरून हसलते. संग्यानं पाय हळूच ब्रेकवर नेला.

मागनं अप्पांनी तेच्या खांद्यावर थाप मारली.

"थांबताय कावून? चला की पुढं!"